हायलिआतली क्युबन आजी: ती आली कुठून, आली कशी

फ्लोरिडात मायामीला लागून हायलिआ नावाचं शहर आहे. तिथल्या घरांत क्युबन आजीची, म्हणजे ‘आब्वेला’ची, आठवण निघाली की आधी कॉफीची गोष्ट निघते. गॅसवरच्या कॉफीच्या भांड्यात उतरलेले पहिले काही थेंब ती साखरेवर ओतायची आणि चमच्याने घोटत बसायची. साखर फिकी, फेसाळ झाली की मग उरलेली कॉफी त्यावर. नातवंडांनी ही आठवण जिवापाड जपली आहे. पण त्या ओट्यापाशी ती पोचली कशी, ते सांगणारी माणसं आता कमी होत चालली आहेत.

१ जानेवारी १९५९ला क्युबाचा हुकूमशहा बातिस्ता पळाला आणि सत्ता फिडेल कास्त्रोच्या हाती गेली. सुरुवातीला देश सोडला तो मुख्यतः बातिस्ताच्या गोटातल्यांनी आणि पैसेवाल्यांनी. डिसेंबर १९६० ते ऑक्टोबर १९६२ या काळात तर आईबापांनी चौदा हजारांहून जास्त मुलं एकटी अमेरिकेला धाडली. आपणही मागोमाग जाऊ, हा भरवसा होता. ऑक्टोबर १९६२मध्ये क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिकेशी पेच उभा राहिला आणि विमानं बंद झाली. मुलं पलीकडे, आईबाप अलीकडे. त्याच वर्षी क्युबात रेशनचं पुस्तक, ‘लिब्रेता’, आलं.

वाट उघडली ती १९६५मध्ये. ज्यांचे नातेवाईक अमेरिकेत आहेत त्यांनी खुशाल जावं, असं कास्त्रोने सप्टेंबरअखेर जाहीर केलं आणि कामारिओका बंदर मोकळं केलं. तिकडून मिळेल त्या होड्या आल्या. मग दोन्ही सरकारांत करार झाला आणि १ डिसेंबर १९६५पासून वारादेरो ते मायामी विमानं सुरू झाली. एप्रिल १९७३पर्यंत त्यांतून अडीच लाखांहून अधिक माणसं आली. हायलिआतल्या कितीतरी आज्या या विमानांतून उतरलेल्या.

देश सोडण्यासाठी नाव नोंदवलं की घरातल्यांची नोकरी जायची. पुष्कळ पुरुषांना शेतावर राबायला पाठवत. शेजारीपाजारी ‘गुसानो’ म्हणत, म्हणजे अळी, किडा. परवानगी यायला कधी वर्ष, कधी त्याहून जास्त. मग अधिकारी घरी येऊन सामानाची यादी करत: पलंग, पंखा, फ्रिज, ताटल्यासुद्धा. निघायच्या वेळी तीच यादी पुन्हा ताडून बघत, कारण हे सगळं आता सरकारचं. घराला सील. विमानतळावर दागिने काढून घेत आणि लग्नाची अंगठीही हातातून गेल्याचं अनेकींनी सांगितलं आहे. बरोबर न्यायचे ते अंगावरचे आणि थोडे पिशवीतले कपडे.

या प्रवासाचा एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. लष्करी सेवेच्या वयाच्या तरुणांना सोडत नसत. त्यामुळे या विमानांत बायका आणि वयस्क माणसं जास्त. मायामीत उतरल्यावर फ्रीडम टॉवरमध्ये नोंदणी, तपासणी, थोडी मदत. दुधाची पावडर, चीज, डबाबंद मांस. १९६२ ते १९७४ ही इमारत निर्वासितांचं केंद्र होती आणि क्युबन तिला नुसतं ‘एल रेफूहिओ’, आसरा, म्हणत. १९६६च्या अमेरिकी कायद्याने क्युबनांना कायमच्या वास्तव्याचा मार्गही खुला झाला.

पुढे काय? हायलिआत कपडे शिवण्याचे कारखाने होते, पैसे नगामागे मिळत. क्युबात कधी बाहेर नोकरी न केलेल्या बायका मशीनवर बसल्या. आई कारखान्यात, बाप दुसऱ्याच कुठल्या कामावर, मग पोरांना बघायचं कोणी? आजीने. एका छपराखाली तीन पिढ्या ही क्युबन घरांची रीतच झाली. काळ्या घेवड्याची उसळ नि भात तिने रांधला, शाळेतून आलेल्या पोरांशी ती स्पॅनिशच बोलली, म्हणून ती भाषा नातवंडांच्या तोंडी राहिली. मायामीतल्या क्युबनांच्या भरभराटीची गोष्ट सांगताना व्यापाऱ्यांची, बँकवाल्यांची नावं येतात. माझ्या मते त्या भरभराटीचा पाया या बिनपगारी कामावर उभा आहे, आणि त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

नाताळच्या आदल्या रात्री डुक्कर भाजलं जायचं आणि पेले उंचावत सगळे म्हणायचे, ‘पुढचं वर्ष क्युबात!’ वर्षामागून वर्षं गेली. मायामीत समुद्राकाठी कारिदाद मातेचं, म्हणजे क्युबाची रक्षक मानलेल्या मेरीचं, देऊळ उभं राहिलं, क्युबाकडे तोंड केलेलं. आज्या तिथे जाऊन बसत.

१९७९मध्ये क्युबाने देश सोडून गेलेल्यांना भेटीला यायची मुभा दिली. त्या वर्षी लाखभर लोक गेले. ज्यांना कधीकाळी एका पिशवीनिशी बाहेर काढलं होतं, त्या बायका औषधं, बूट, कपडे यांनी ठासून भरलेल्या बॅगा घेऊन मागे राहिलेल्या बहिणींच्या दारात उभ्या राहिल्या.