पोरं बदलली म्हणजे नेमकं काय बदललं? माया विणकरांच्या गावातला एक मोठा अभ्यास

"आजकालची पोरं कुणाचं ऐकतच नाहीत" हे वाक्य आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं आणि लोकलच्या डब्यातही, आणि कारण विचारलं की उत्तर तयारच असतं, मोबाइल नाहीतर आईबापांचे लाड. मला हे उत्तर कायम अपुरं वाटत आलंय. घरात पैसा कुठून येतो, मुलांना शिकवतं कोण, चुकलेलं परवडतं की नाही, हे सगळं बदललं की मुलांची वाढही बदलते, आणि हे एकाच गावात पिढ्यान् पिढ्या जाऊन तपासलेलं आहे.

मेक्सिकोच्या दक्षिणेला चियापास राज्यात डोंगराळ सिनाकांतान भाग आहे, तिथली माणसं माया वंशाची, भाषा त्सोत्सिल. तिथल्या नाबेनचाउक गावात १९६९ मध्ये पॅट्रिशिया ग्रीनफिल्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ला चाइल्ड्स या सहकारी बाईंबरोबर गेल्या. मुली विणकाम कशा शिकतात हे त्यांना बघायचं होतं. तिथल्या मागाला चौकट वगैरे काही नसते, एक टोक खांबाला बांधायचं, दुसरं टोक पट्ट्याने स्वतःच्या कमरेमागे अडकवायचं आणि गुडघ्यावर बसून अंग मागे-पुढे करत धाग्यांचा ताण सांभाळायचा, म्हणजे विणणारी बाईच मागाचा अर्धा भाग असते.

त्या वेळच्या फिल्ममध्ये दिसतं की मुलगी विणायला बसली की आई, नाहीतर घरातली दुसरी मोठी बाई, तिला अगदी खेटून असते. मुलगी अडखळायच्या आतच आईचे हात पुढे येतात, बोलणं कमी आणि करून दाखवणं जास्त. कारण साधं होतं, सूत महाग, वाया घालवणं परवडणारं नाही, आणि नमुने तरी किती, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे ठरलेले मोजकेच. नवीन काही करणं हा गुण मानलाच जात नव्हता, आईसारखं हुबेहूब जमलं म्हणजे मुलगी शिकली.

ग्रीनफिल्ड १९९१ मध्ये परत गेल्या तोवर आधीच्या मुली स्वतः आया झाल्या होत्या आणि विणायला त्यांच्या पोरी बसत होत्या. मधल्या काळात मका पिकवून खाणारं गाव धंद्याला लागलं होतं, पुरुष व्हॅन आणि ट्रक चालवत होते, फुलं बाजारात जात होती, बायका विणलेलं-भरलेलं कापड विकत होत्या. आता आई लांबून लक्ष ठेवायची, कधी स्वतःच्या कामात असायची, मुलगी चुकायची, उसवायची, परत करायची, अडलं तर एखाद्या बहिणीला हाक मारायची. आणि कापडावर फुलं, पक्षी, भौमितिक आकृत्या, छापील कागदावरून उचललेले नमुने, एकीसारखं दुसरीचं नाही!

मला सगळ्यात भारी वाटतो तो त्यांचा काड्यांचा प्रयोग. मुलांना एक चौकट आणि वेगवेगळ्या जाडीच्या रंगीत लाकडी काड्या द्यायच्या आणि सांगायचं, गावातल्या कापडाचे पट्टे यात लावून दाखव. पहिल्या फेरीत विणणाऱ्या मुली बारीक काड्या घेऊन जवळजवळ धागान् धागा मांडायच्या आणि शाळेत जाणारे मुलगे जाड काडी ठेवून पट्ट्याचा नुसता गोषवारा द्यायचे. दुसऱ्या फेरीपर्यंत एकूणच मुलं या गोषवाऱ्याच्या बाजूला सरकली होती, आधी न बघितलेले नमुनेही त्यांना जास्त चांगले पुढे नेता येत होते, आणि या वेळी त्याचा संबंध कापडाच्या धंद्यात घर किती उतरलंय याच्याशी निघाला. म्हणजे आईचा धंदा मुलीच्या बघण्याच्या पद्धतीपर्यंत पोचला होता.

यावर ग्रीनफिल्ड यांनी जो सिद्धांत मांडला त्याची मुळं जुनी आहेत. जर्मन समाजशास्त्रज्ञ फर्डिनांड ट्योनीज यांनी १८८७ मध्येच नात्यागोत्याचा लहान समाज आणि करार-व्यवहाराचा मोठा समाज असे दोन प्रकार सांगितले होते. ग्रीनफिल्ड यांचं म्हणणं असं की पैसा, शाळा, शहर, तंत्रज्ञान यातलं काहीही आलं की समाज पहिल्याकडून दुसऱ्याकडे सरकतो, मग मूल्यं हलतात, मग शिकवायची पद्धत, आणि शेवटी मुलाचं डोकं कसं चालतं तेही.

किशोरवयात हे फार ठळक दिसतं. सिनाकांतानमध्ये पूर्वी लग्न ठरवायचं म्हणजे मुलाकडच्या मोठ्यांनी दारू आणि भेटी घेऊन मुलीच्या घरी मागणी घालायची, आणि त्यानंतर मुलाने दीर्घकाळ भेटवस्तू देत राहायचं. अलीकडे गावात हायस्कूल आलं आणि अ‍ॅड्रियाना मानागो या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्यात जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या मुलामुलींशी बोलून बघितलं. शाळेतली मुलं स्त्री-पुरुष बरोबरीच्या, स्वतः जोडीदार निवडण्याच्या बाजूने जास्त झुकलेली होती, मुलगा-मुलगी नुसते मित्र असू शकतात हेही त्यांना जास्त पटत होतं. साहजिकच आहे, रोज एका वर्गात बसल्यावर पटणारच. आपल्याकडे १८९१ मध्ये संमतीवयाचा कायदा शरीरसंबंधासाठी मुलींचं किमान वय दहावरून बारा करायला निघाला तर केवढा गदारोळ झाला होता, तेव्हा मुलीला किशोरवय असतं ही कल्पनाच अनेकांच्या घरात नव्हती.

पण ही गाडी एकाच दिशेने जाते असं नाही, आणि हे लोक विसरतात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांनी १९२०-२१ मध्ये जन्मलेल्या कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या मुलांचा माग काढला, ही मुलं ऐन किशोरवयात असताना महामंदी होती. ज्या घरांचं उत्पन्न कोसळलं तिथे मुलगे बाहेर कामाला लागले, मुलींनी घर ओढलं, सगळेच लवकर मोठे झाले. २००८ च्या मंदीनंतरही ग्रीनफिल्ड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या बारावीच्या मुलांची १९७६ पासूनची उत्तरं तपासली तेव्हा मंदीच्या वर्षांत दुसऱ्यांची काळजी करणं परत वाढलेलं दिसलं.

तरी माझा या सिद्धांतावर एक आक्षेप आहे आणि तो तुर्कस्तानच्या मानसशास्त्रज्ञ चिदेम कायतचिबाशी यांनी माझ्यापेक्षा फार नेमका मांडलाय. त्यांनी १९७० च्या दशकात आणि पुन्हा २००३ मध्ये तुर्की आईबापांना विचारलं की मूल कशासाठी हवं. म्हातारपणी पैशाचा आधार हे कारण घटलं होतं, मुलाची माया, सहवास, आनंद हे वाढलं होतं. शहर आलं म्हणून नातं तुटलं नाही, नात्यातला पैशाचा भाग सैल झाला, जीव लावण्याचा तसाच राहिला. स्वतःचे निर्णय स्वतः घेणारं आणि तरीही घराशी घट्ट असलेलं मूल असू शकतं असं त्या म्हणतात, आणि पुण्यातून किंवा बंगळुरूतून रोज रात्री आईला व्हिडिओ कॉल करणारी, पण नोकरी कुठली आणि लग्न कुणाशी हे स्वतः ठरवणारी जी पिढी आपल्या घराघरात आहे तिच्यावर ट्योनीज यांच्या दोन खणांपेक्षा हे वर्णन मला कितीतरी जास्त बसतं.