वाळूचा पिंजरा

परळच्या हाफकिन संस्थेत सहल न्यायची म्हटलं की मुलांना एकच गोष्ट बघायची असते : साप. आठवीचा वर्ग घेऊन मी गेलो तेव्हाही वेगळं काही नव्हतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषाचे अगदी थोडे डोस घोड्याला देत गेलं की त्याच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं तयार होतात आणि त्यापासून सर्पदंशावरचा उतारा बनतो. एवढं सांगून झालं, मुलांचं समाधान झालं. माझा जीव मात्र तिथल्या जुन्या इमारतीत अडकलेला.

ही वास्तू एके काळी गव्हर्नरचा बंगला होती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत जंतुशास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन यांनी प्लेगच्या लशीचं काम सुरू केलं आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा या बंगल्यात आली. हाफकिन यांचं नाव तिला मिळालं ते १९२५ मध्ये.

लस बनवायची त्यांची रीत मुलांना स्वयंपाकघरातली वाटली, आणि ती होतीही जवळपास तशीच. बाटलीत मांसाचा रस घ्यायचा. तोही बोकडाच्या, म्हणजे टोचून घेताना कुणाचा धर्म आड येणार नाही. त्यावर तुपाचे थेंब सोडायचे. प्लेगचे जंतू तुपाला धरून वाढतात आणि वडाच्या पारंब्यांसारखे खाली लोंबू लागतात. बाटली हलवली की पारंब्या तुटून तळाशी बसतात, वर नव्या फुटतात. काही आठवडे असं पीक घेतल्यावर बाटल्या तापवून जंतू मारायचे आणि थोडं जंतुनाशक कार्बोलिक आम्ल घालायचं.

‘मेलेल्या जंतूंचा काय उपयोग?’ एकाने विचारलं. मी म्हटलं, विरजण उकळून दुधात घातलं तर दही लागणार नाही, कारण त्यातले जिवाणू मेले. पण मेला तरी जंतूचा चेहरामोहरा बराचसा शाबूत राहतो. शरीर तो ओळखून ठेवतं आणि खरा शत्रू आला की तयारीत असतं.

भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा काही कैद्यांना लस टोचली, काहींना नाही, आणि दोन्ही गटांचं काय होतं ते पाहिलं. कैदी राजीखुशीने पुढे आले, अशी नोंद आहे. तुरुंगात ‘नाही’ म्हणायची मोकळीक किती असते, हा प्रश्न मुलांपुढे टाकून मी पुढे गेलो. उत्तर माझ्याकडेही सोपं नाही.

खरी गंमत पिसवांची. प्लेग जमिनीतून येतो, घाणीतून येतो, दूषित हवेतून येतो, असं तेव्हा भलेभले मानत. घरात आधी उंदीर मरून पडतात, हे मात्र लोकांना पक्कं ठाऊक होतं. १९०५ पासून प्लेगचा शोध घेणाऱ्या आयोगाने मुंबईत प्रयोग मांडले. जमिनीवर ठेवलेल्या गिनीपिगना प्लेग व्हायचा, दोन फूट उंच टांगलेले वाचायचे. हवा तर दोघांनाही तीच! मग संशय उरला उंदरांवरच्या पिसवांवर. तो तपासायला दोन पिंजरे घेतले. एकाभोवती सहा इंच रुंद चिकट थर. पिसू तो एका उडीत ओलांडू शकत नाही, मध्येच अडकते. दुसऱ्याभोवती तेवढ्याच रुंदीची वाळू. चिकट थराआडचं जनावर धडधाकट राहिलं, वाळूआडचं आजारी पडलं.

‘सर, पिसू चिकटून बसल्यावर वाळू कशाला हवी होती?’ मागून आवाज आला.

या प्रश्नासाठीच मी आलो होतो, पण उत्तर मी दिलं नाही. मुलंच आपसात भांडली. नुसत्या सहा इंच अंतरामुळे ते जनावर वाचलं नाही कशावरून? वाळू नसती तर कळलं नसतं. अंतर तेच, फरक फक्त चिकटपणाचा. म्हणजे गुन्हेगार तो, जो चिकटतो.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी डब्याबरोबर दुधाच्या तीन झाकलेल्या वाट्या घेऊन वर्गात आली. एकीत साधं विरजण होतं, दुसरीत उकळून गार केलेलं.

‘आणि तिसरीत?’ शेजारणीने विचारलं.

‘काहीच नाही. ती वाळूची वाटी.’