घरगुती व्हिस्कीचे स्वादन

घरी गाळलेल्या बेचव मद्यार्कात तयार अर्क, भाजलेल्या ओकच्या लाकडाचे तुकडे किंवा जळकी साखर घालून त्याला बाजारातल्या एखाद्या व्हिस्कीचा वास, रंग आणि चव आणण्याची पद्धत. ती उघडपणे रुजली न्यूझीलंडमध्ये. तिथे १९९६ पासून स्वतःपुरती दारू घरी गाळणे कायदेशीर आहे, विकणे मात्र नाही. साहजिकच अर्क विकणारी दुकाने आली. बाटल्यांवर ‘स्कॉच’ (स्कॉटलंडची व्हिस्की), ‘बर्बन’, ‘टेनेसी’ (दोन्ही अमेरिकेच्या) असे लिहिलेले असते. ब्रँडचे नाव कुणी घेत नाही, पण गिऱ्हाइकाला काय ते कळते.

या व्हिस्कीत बार्ली बहुधा नसतेच. साखर यीस्टने आंबवून गाळलेला मद्यार्क कोळशातून काढतात, म्हणजे उरलासुरला उग्रपणा जातो, मग पाणी घालून तो चाळीस टक्क्यांच्या आसपास आणतात. पन्नास मिलीची अर्काची बाटली साधारण सव्वादोन लिटरना पुरते. अर्क घातल्या घातल्या वास भपकन नाकात शिरतो, औषधी गोळीसारखा. बाटली काही दिवस तशीच ठेवली की तो जरा निवळतो. घशाला गुळगुळीत लागावी म्हणून थोडे ग्लिसरीनही घालतात.

नक्कल कुठे साधते आणि कुठे फसते, हे लाकडावर ठरते. ओक भाजला की लाकडातल्या लिग्निन या घटकापासून व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलिन सुटते, शर्करा करपून कॅरॅमलचा वास येतो. अमेरिकन ओकमधल्या लॅक्टोन या वासाच्या द्रव्यांमुळे खोबऱ्याची झाक मिळते. बर्बनची गोडी नेमकी याच गोष्टींची, म्हणून ओकच्या तुकड्यांनी ती बऱ्यापैकी जमते. टेनेसी व्हिस्कीसाठी मेपलचा कोळसा वापरून पाहणारेही आहेत, कारण जॅक डॅनियल्स ही तिथली नामांकित व्हिस्की पिंपात भरण्याआधी त्यातूनच गाळतात. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या धुरकट स्कॉचशी मात्र गाठ अवघड. तिथल्या लाफ्रॉइग व्हिस्कीचा आयोडीनसारखा दर्प पीटच्या (दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या जळणाच्या) धुरातल्या फेनॉल या रसायनांचा असतो, आणि तो बार्ली वाळवतानाच तिच्यात मुरलेला असतो. वरून धुराचे थेंब टाकले तर ग्लासात दवाखाना अवतरतो. शिवाय तुकड्यांनी रंग आठवड्यात चढतो, पण पिंपाच्या लाकडातून वर्षानुवर्षे हवा आत येते, दारू उडून जाते, आणि त्यातून जे घडते त्याला बाटलीत वाव नाही. स्कॉचला ७०० लिटरपर्यंतच्या ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे काढावी लागतात. वरून घालायला मुभा आहे ती फक्त पाण्याची आणि साध्या कॅरॅमलच्या रंगाची. म्हणजे रंगाच्या बाबतीत सोवळे तिथेही नाही.

कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले घाऊक व्यापारी साध्या मद्यार्कात आलुबुखाराचा रस आणि जळकी साखर मिसळून ‘जुनी’ व्हिस्की सर्रास विकत. अस्सल व्हिस्की गाळणाऱ्यांनी बोंब मारली तेव्हा १८९७ मध्ये सरकारी देखरेखीखालच्या बाटल्यांचा कायदा आला आणि १९०६ मध्ये अन्नशुद्धीचा. तरी व्हिस्की म्हणायचे कशाला हा वाद मिटेना. शेवटी १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी निवाडा दिला की भेसळमिसळ विकायला हरकत नाही, पण ती ‘ब्लेंडेड’ म्हणून विका.

हाच वाद भारताच्या वाट्याला वेगळ्या वेशात आला. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीचा पाया बहुतांशी मळीचा मद्यार्क असतो आणि युरोपीय संघ त्याला व्हिस्की मानत नाही. देशी दारूच्या बाटलीवरची ‘संत्रा’ ही त्याच कुळातली, फक्त ती कुणाची नक्कल करत नाही. घरी दारू गाळणे महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, मग स्वाद स्कॉचचा असो की नसो. अर्क घातल्याने विषारी दारू निर्धोक होत नाही. २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे दगावली ती दारूतल्या मिथेनॉल या विषारी मद्यार्काने, आणि मिथेनॉल चवीवरून ओळखता येत नाही.