खाच, फास आणि उचल : पाप पाप्यालाच कसे धरते, या विचाराची पार्श्वभूमी

उपवासकाळातल्या पवित्र शास्त्राच्या अभ्यासात खानदेशातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एक वचन हमखास वाचले जाते. नीतिसूत्रांच्या 5व्या अध्यायातले 22वे वचन सांगते की दुष्टाला त्याचीच दुष्कर्मे पकडतात आणि तो आपल्याच पापाच्या दोरांनी बांधला जातो. ऐकणारे मान डोलावतात आणि कोणीतरी लगेच "करावे तसे भरावे" असे जोडून देतो. जोडलेले चुकीचे नाही, पण अपुरे आहे. या एका विचाराला ख्रिस्ती परंपरेत मोठा इतिहास आहे आणि त्या इतिहासात सापळ्याची जागा सतत बदलत गेली आहे. आधी तो माणसाच्या बाहेर, वाटेवर होता. पुढे तो माणसाच्या आत गेला. हा प्रवास ध्यानात घेतला नाही, तर बायबलमधली ही वचने नुसत्या म्हणींसारखी वाटतात.

सर्वांत जुने चित्र खाचेचे, म्हणजे खणलेल्या खड्ड्याचे आहे. पावसाचे पाणी साठवण्यासाठी खडकात खोदलेली टाकी आणि जनावर धरण्यासाठी खणून वरून झाकलेले खड्डे ही प्राचीन इस्राएलातली रोजच्या पाहण्यातली गोष्ट होती. निर्गमच्या 21व्या अध्यायात त्यावर साधा दिवाणी कायदाच आहे : खाच खणून ती उघडी ठेवली आणि त्यात कोणाचा बैल किंवा गाढव पडले, तर खणणाऱ्याने भरपाई द्यावी. याच ओळखीच्या वस्तूवरून 7वे आणि 9वे स्तोत्र, नीतिसूत्रांचा 26वा अध्याय आणि उपदेशकाचा 10वा अध्याय हे सारे एकच गोष्ट सांगतात, की दुसऱ्यासाठी खणलेल्या खाचेत खणणाराच पडतो. एस्तेरच्या पुस्तकात या विचाराची संपूर्ण कथा झाली आहे. पारसी राजाचा दरबारी हामान याने यहूदी मर्दखयासाठी 50 हात उंच फाशीचा खांब उभारला आणि त्याच खांबावर त्याला लटकवण्यात आले.

हामानाची गोष्ट फारच चोख आहे, आणि खरे सांगायचे तर म्हणूनच ती कमी शिकवते. याकोबाची गोष्ट जास्त खोल जाते. उत्पत्तीच्या 27व्या अध्यायात याकोब करडांची कातडी हातांना आणि मानेला गुंडाळतो, थोरल्या भावाचे कपडे चढवतो आणि डोळ्यांनी अधू झालेल्या बापाला फसवून आशीर्वाद पदरात पाडून घेतो. दहा अध्यायांनंतर याकोब स्वतः म्हातारा बाप आहे. त्याचे मुलगे धाकट्या योसेफाला कोरड्या खाचेत टाकतात, मग विकतात, एक बकरा मारून त्याच्या रक्तात योसेफाचा झगा भिजवतात आणि "हा तुमच्या मुलाचा झगा आहे का, ओळखा" म्हणून बापापुढे ठेवतात. पुन्हा बकऱ्याची जात, पुन्हा भावाचे वस्त्र, पुन्हा फसलेला बाप. देवाने याकोबाला शिक्षा केली, असे कथाकार एका शब्दानेही म्हणत नाही. तो फक्त तीच दोन साधने पुन्हा मांडून ठेवतो. पुढे सुमारे 20 वर्षांनी, मिसरात संकटात सापडल्यावर, तेच भाऊ आपसांत म्हणतात की आपल्या भावाविषयी आपण अपराधी आहोत. इतकी वर्षे ती खाच कोणाच्याच मनातून बुजलेली नव्हती.

या विचारामागे हिब्रू भाषेची एक खोड आहे. 'आवोन' हा शब्द अपराधासाठीही वापरला जातो आणि त्या अपराधाच्या परिणामासाठीही; काइन जेव्हा आपले 'आवोन' सोसण्यापलीकडचे आहे म्हणतो, तेव्हा तो पापाविषयी बोलतो की शिक्षेविषयी, यावर अनुवादक आजही अडतात. मराठी वाचकाला मात्र यात फार अडायला नको. आपल्याकडे 'भोग' हा शब्द आहे, जो उपभोगासाठीही चालतो आणि वाट्याला आलेल्या दुःखासाठीही. 'भोवणे' हे क्रियापद तर भोवरा आणि भोवती यांच्याच घरातले आहे : केलेले फिरून अंगावर येते, एवढे सगळे त्या एका शब्दात आहे. 1811 मध्ये सेरामपूरहून निघालेला मराठी नवा करार आणि 1847 मध्ये पूर्ण झालेले मराठी बायबल यांच्या अनुवादकांना हे शब्दभांडार आयते मिळाले. तो जसा फायदा होता, तशीच अडचणही होती. पाप, पाश, भोग या शब्दांबरोबर कर्मविपाकाचा सगळा विचारही आपोआप आत आला.

जर्मन अभ्यासक क्लाउस कॉख यांनी 1955 मध्ये याच मुद्द्यावर एक गाजलेला निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे की जुन्या करारात देव बहुतेक ठिकाणी बाहेरून दंड ठोठावणारा न्यायाधीश नसतो. कृत्यातच त्याचा परिणाम गर्भासारखा असतो आणि देव सुइणीसारखा तो बाहेर येऊ देतो. निबंधावर टीका पुष्कळ झाली आणि ती रास्तही होती, कारण जुन्या करारात देव प्रत्यक्ष न्याय करतो, रागावतो आणि क्षमाही करतो. तरीही सुइणीची उपमा अभ्यासकांच्या तोंडी राहिली ती राहिलीच.

पण परंपरेने या नियमाला स्वतःच लगाम घातला, हे सहसा सांगितले जात नाही. ईयोबाच्या पुस्तकात "जे अधर्माची नांगरट करतात आणि त्रास पेरतात ते तेच कापतात" अशा अर्थाचे वाक्य येते. ते ईयोबाचा मित्र अलीफज याच्या तोंडी आहे, आणि तो ते वापरतो मुलेबाळे गमावून राखेत बसलेल्या माणसाला समजावण्यासाठी. पुस्तकाच्या शेवटी देव अलीफजाला स्पष्ट सांगतो की तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. आता मौज अशी की गलतीकरांच्या पत्रात प्रेषित पौलही पेरणी-कापणीचीच भाषा वापरतो : माणूस जे पेरतो त्याचेच पीक त्याला मिळेल. वाक्य जवळपास तेच आहे, मग एक चूक आणि एक बरोबर कसे? पौल पेरणाऱ्याला पेरणीच्या वेळी सावध करतो आहे. अलीफज दुसऱ्याच्या उजाड शेताकडे बोट दाखवून त्याने काय पेरले असेल याचा तर्क करतो आहे. येशूनेही हाच उलटा तर्क तोडला. शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले 18 जण इतरांपेक्षा अधिक अपराधी होते काय, असे त्याने विचारले आणि उत्तरही दिले की नाही. जन्मांधाविषयी शिष्यांनी पाप त्याचे की त्याच्या आईबापांचे, असे विचारले तेव्हाही त्याने दोन्ही पर्याय नाकारले. कपाशीला बोंडअळी लागली किंवा केळीच्या बागा वादळात झोपल्या की गावात कोणाच्या तरी पापाचा हिशेब निघतो, आणि तो काढणाऱ्यांत आपले मंडळीतले लोकही असतात; त्यांनी अलीफजाचा शेवट वाचायला हरकत नाही.

नव्या करारात सापळा आत सरकतो. याकोबाचे पत्र (हा याकोब उत्पत्तीतला नव्हे) म्हणते की माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो आणि भुलवला जातो. यातल्या दुसऱ्या क्रियापदाचा मूळ ग्रीक अर्थ आमिष लावून धरणे असा आहे, मासेमार गळाला लावतात तसे. आपल्याकडे मराठी बायबलात जिथे 'अडखळण' हा शब्द येतो, तिथले ग्रीक 'स्कान्दालोन' हेही सापळ्याच्या त्या काडीशी जोडलेले आहे, जिला आमिष लागते आणि जी हलली की सापळा मिटतो. तितर धरण्याचा केसांचा फास ज्याने पाहिला असेल त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. फासाला स्वतःचे बळ नसते. तो सैल, हलका, जवळजवळ न दिसणारा असतो. पाय अडकल्यावर पाखरू झेप घेते आणि त्याच्याच ओढीने गाठ आवळते; आवळणारे हात दुसऱ्या कोणाचे नसतात.

रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय हेच अधिक भयंकर रीतीने सांगतो. तिथे देवाच्या क्रोधाचे वर्णन आहे, पण वीज नाही, रोगराई नाही. तीनदा एकच क्रियापद येते : देवाने त्यांना त्यांच्या वासनांच्या हवाली केले. 1932 मध्ये वेल्श भाष्यकार सी. एच. डॉड यांनी यावरून असे मांडले की हा क्रोध म्हणजे नैतिक जगातली कार्यकारणाची प्रक्रियाच. हे मला अर्धेच पटते, कारण 'हवाली केले' म्हटल्यावर हवाली करणारा कोणी तरी असतोच. पौलाच्या आधीच्या, शलमोनाच्या नावे चालणाऱ्या ज्ञानग्रंथात, जो कॅथलिक बायबलात आहे आणि प्रॉटेस्टंट बायबलात नाही, माणूस ज्यांच्या द्वारे पाप करतो त्यांच्याच द्वारे त्याला दंड होतो असे सूत्र 11व्या अध्यायात आहे. पौल त्याच्या एक पाऊल पुढे जातो. दंडाचे साधन आता मिसरावर आले तसे बेडूक किंवा टोळ नाहीत. ती माणसाची इच्छाच आहे.

ही गोष्ट आतून सांगितली ती ऑगस्टीनने. उत्तर आफ्रिकेत 354 मध्ये जन्मलेल्या या माणसाने हिप्पोचा बिशप झाल्यावर, साधारण 397 ते 400 या काळात, आपले आत्मकथन लिहिले. सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर शेजारच्या बागेतली नासपतीची फळे चोरली, ती धड खाल्लीही नाहीत, डुकरांपुढे टाकली, या एका क्षुल्लक चोरीवर तो पानेच्या पाने खर्च करतो. चोरी मोठी नव्हती, पण फळांची भूक नसताना केवळ चोरण्याची गोडी लागली, हे त्याला छळते. आठव्या भागात तो साखळीच्या कड्या मोजून दाखवतो : इच्छा वाकडी झाली की वासना होते, वासनेची चाकरी केली की सवय होते, सवयीला अडवले नाही की ती गरज होऊन बसते. मी बांधलेला होतो, तो म्हणतो, पण दुसऱ्याच्या लोखंडाने नव्हे, माझ्याच लोखंडी इच्छेने. ही साखळी आपल्या बळावर तोडता येते की नाही, यावरच पुढे, ती तोडता येते म्हणणाऱ्या पेलाजियस आणि त्याच्या अनुयायांशी वाद पेटला आणि 418 च्या कार्थेजच्या परिषदेने ऑगस्टीनच्या बाजूने निर्णय दिला. अकराशे वर्षांनी, 1525 मध्ये, धर्मसुधारक ल्यूथरने विद्वान इरॅस्मसला उत्तर देताना हाच वाद पुन्हा उकरला. त्याच्या रोमकरांवरील व्याख्यानांतला पापी माणूस 'स्वतःकडेच वाकलेला' आहे, आणि 'आवोन'च्या मुळाशीही वाकणे, वेडेवाकडे होणेच आहे.

खानदेशात हा विचार रुजू लागला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून. पूर्वेकडे भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या पट्ट्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे, तर पश्चिमेला नंदुरबार-नवापूरकडे फ्रेडरिक फ्रान्सन यांनी 1890 मध्ये शिकागोत उभ्या केलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक आले. ऐकणारे बरेचसे भिल्ल आणि इतर शेतमजूर होते, आणि त्यांच्यापुढे योहानाच्या 8व्या अध्यायातले वाक्य होते : जो कोणी पाप करतो तो पापाचा दास आहे. दास म्हणजे काय, हे इथे शब्दकोशातून शिकावे लागले नाही. इथे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा शेतगडी होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्षाचा करार व्हायचा, लग्नासाठी किंवा आजारपणासाठी उचल घेतली जायची आणि वर्षभर राबून आखाजी पुन्हा आली की हिशेबात उचल शिल्लकच निघायची. शिरपूर तालुक्यातल्या एका प्रार्थनासभेत हे वचन वाचल्यावर, तरुणपणी सालदारकी केलेल्या एका बाबांनी एवढेच म्हटले होते, "उचल फिटनी नही, म्हनीसन साल बी सरनं नही." ऑगस्टीनच्या चार कड्या यापेक्षा नेमक्या कोणी सांगितलेल्या मी ऐकल्या नाहीत.

पण ही उपमा इथेच सोडली तर अन्याय होईल, कारण सालदाराची उचल हा त्याचा गुन्हा नव्हता. ती त्याची नड होती. फास लावणारा दुसरा होता, आणि बायबल त्यालाही सोडत नाही. हिब्रूत व्याजासाठी वापरला जाणारा एक शब्द 'चावणे' या अर्थाच्या धातूपासून आला आहे. हबक्कूकच्या 2ऱ्या अध्यायात, जो गहाणांचे ओझे आपल्यावर लादून घेतो, त्याला चावणारे अचानक उठतील असे म्हटले आहे. तिथला शब्दखेळ सावकारावरच उलटवलेला आहे. याकोबाच्या पत्राचा 5वा अध्याय शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, असे जमीनदारांना सुनावतो. शहाद्यात 1972 पासून श्रमिक संघटनेने सालदारांच्या मजुरीचा आणि गेलेल्या जमिनींचा प्रश्न उभा केला, तेव्हा त्यामागची प्रेरणा ख्रिस्ती नव्हती. तरी ही दोन वचने माहीत असणाऱ्याला तो प्रश्न परका वाटायचे कारण नव्हते.

कर्जाचे हे चित्र मुळातले नाही, हेही नोंदवायला हवे. जुन्या हिब्रू लिखाणात पाप हे बहुधा ओझे असते, जे वाहावे लागते किंवा कोणीतरी उचलून न्यावे लागते. अरामी भाषेचा वावर वाढला तसे ते ऋण झाले, कारण अरामीत ऋण आणि पाप यांना एकच शब्द चालतो, आणि येशू अरामी बोलत होता. म्हणून मत्तयातल्या प्रार्थनेत ऋणाचा शब्द आला आणि आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्या अजूनही म्हणतात : जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड. कलस्सैकरांच्या पत्रात तर वधस्तंभाला खिळले जाते ते एक ऋणपत्रच, हाताने लिहून दिलेले खत. प्रार्थनेतल्या त्या वाक्याला दोन टोके आहेत. आखाजीच्या हिशेबाला ओट्यावर एक वही घेऊन बसलेला असतो आणि एक खाली उभा असतो. रविवारी दोघेही त्याच मंडळीत असले, तर दोघांनाही ते अख्खे म्हणावे लागते.