फॉलिंगवॉटर : सेंटरिंग काढल्या दिवसापासून झुकत गेलेलं घर

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात बेअर रन नावाचा ओढा दाट झाडीतून उतरत येतो आणि वाळूखडकाच्या थरांवरून खाली कोसळतो. 1930च्या दशकात ही जागा पिट्सबर्गमधल्या एका मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरचे मालक एडगर कॉफमन यांच्या कुटुंबाकडे होती. सुट्टीला मंडळी इथे यायची, पाण्यात डुंबायची, धबधब्यावरच्या मोठ्या शिळेवर ऊन खात पडायची. पुढे कॉफमन यांनी इथे पक्कं घर बांधायचं ठरवलं. त्यांच्या मनात होतं ते साधंच : घर धबधब्यासमोर असावं आणि खिडकीतून पाणी दिसावं.

वास्तुकार फ्रँक लॉइड राइट यांनी घर धबधब्याच्या थेट डोक्यावर नेऊन ठेवलं. घरातून धबधबा दिसत नाही, पण त्याचा आवाज दिवसरात्र सोबतीला असतो. कुटुंब ज्या शिळेवर पडायचं तिचा माथा दिवाणखान्याच्या फरशीतून वर येतो आणि तिथेच शेकोटी आहे. फरशीला मेण लावून ओल्या दगडाची चकाकी दिलेली आहे. शिळेला मात्र मेण नाही, त्यामुळे पाण्यातून कोरडा माथा वर काढलेल्या खडकासारखी ती दिसते. भिंतींचा दगड त्याच परिसरातल्या खाणीतला. कोपऱ्यातल्या खिडक्यांना कोपऱ्यात चौकटच नाही, काच काचेला भिडते. दिवाणखान्यातून एक जिना थेट ओढ्याच्या पाण्यापर्यंत उतरतो.

राइट तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. मंदीमुळे हाताशी कामं नव्हती आणि त्यांचा काळ सरला असं अनेकांना वाटत होतं. 1934च्या डिसेंबरात त्यांनी जागा पाहिली, मग खडक आणि मोठी झाडं दाखवणारा नकाशा मागवला आणि पुढचे कित्येक महिने कागदावर एक रेघ ओढली नाही. सप्टेंबर 1935मध्ये कॉफमन आराखडा बघायला निघाल्याचा फोन आला, तेव्हा दोन-अडीच तासांत त्यांनी सगळे मजले काढून दाखवले, असं त्यांच्या शिष्यांनी सांगून ठेवलंय. या गोष्टीचं कौतुक खूप होतं. मला मात्र ते मधले महिने जास्त महत्त्वाचे वाटतात. घर डोक्यात पूर्ण तयार असल्याशिवाय हात असा चालत नाही.

डोक्यात होतं ते काय? दगडी गाभ्यातून ओढ्यावर पुढे आलेल्या काँक्रीटच्या मोठमोठ्या गच्च्या, ज्यांच्या पुढच्या टोकाखाली काहीच नाही. याला कॅन्टिलिव्हर म्हणतात. आपल्या इमारतींचे छज्जे आणि गॅलऱ्या हाच प्रकार, फक्त त्या तीन-चार फूट पुढे येतात. फॉलिंगवॉटरचा दिवाणखाना सुमारे पंधरा फूट, म्हणजे साडेचार मीटर, अधांतरी आहे. त्याच्या वरच्या मजल्यावरची शयनगृहाची गच्ची त्याहूनही सहा फूट पुढे जाते.

कॅन्टिलिव्हरचं गणित समजायला एक खोडरबर पुरतो. त्याच्या बाजूवर पेनाने उभ्या रेघा मारा, एक टोक टेबलाच्या कडेवर घट्ट दाबून धरा आणि मोकळं टोक खाली वाकवा. टेबलाच्या कडेपाशी वरच्या अंगाला रेघा एकमेकींपासून लांब जातात, खालच्या अंगाला जवळ येतात. म्हणजे वरचा भाग ताणला जातो, खालचा दाबला जातो. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, पण ताण पडला की लगेच तडकतं. म्हणून ताण जिथे येतो तिथे लोखंडी सळ्या घालतात. दोन टोकांना आधार असलेल्या साध्या बीममध्ये ताण मधल्या भागात खालून येतो, तिथे मुख्य सळ्या खाली. कॅन्टिलिव्हरमध्ये त्या वर हव्यात.

ही गोष्ट आपल्याकडच्या बांधकामांवरही ध्यानात ठेवावी अशी आहे. पाच इंची छज्ज्यात मुख्य सळ्या वरून इंचभर खाली बांधलेल्या असतात. ओतकामाच्या वेळी माणसं त्यांच्यावरून ये-जा करतात, खाली पुरेशा चेअर (सळ्या वर उचलून धरणारे छोटे टेकू) लावलेल्या नसतात, आणि सळ्या दोन इंच दबतात. बाहेरून छज्जा तसाच दिसतो, पण सळ्यांची खालच्या कडेपासूनची उंची चार इंचांवरून दोनवर आलेली असते आणि त्याची ताकद जवळपास निम्मी झालेली असते.

राइट आणि त्यांचे अभियंते मेंडेल ग्लिकमन व वेस्ली पीटर्स यांना हे पक्कं माहीत होतं. त्यांनी दिवाणखान्याची जमीनच उलटी केली. आपल्या नेहमीच्या बांधकामात स्लॅब वर आणि बीम खाली लोंबतात. इथे सपाट स्लॅब तळाला आहे आणि बीम त्याच्यावर उभे आहेत. त्यांच्यावर लाकडी पट्ट्या आणि मग दगडी फरशी. ओढ्यातून वर पाहिलं की एकही बीम दिसत नाही, गुळगुळीत पृष्ठभाग दिसतो. दिसण्यापलीकडेही याचा फायदा आहे : कॅन्टिलिव्हरमध्ये दाब खालच्या अंगाला येतो आणि नेमकं तिथेच रुंद स्लॅबचं काँक्रीट हजर आहे. रूप आणि बळ एकाच निर्णयातून आलं. मला या घरातली ही सगळ्यात हुशार गोष्ट वाटते, आणि छायाचित्रात ती कधीच दिसत नाही.

वाद झाला तो सळ्यांच्या संख्येवरून. राइट यांच्या नकाशात प्रत्येक मुख्य बीममध्ये एक इंच चौरस जाडीच्या आठ सळ्या होत्या. कॉफमन यांना धाकधूक होती, म्हणून त्यांनी पिट्सबर्गमधल्या मेट्झगर-रिचर्डसन या सल्लागारांकडून नकाशे तपासून घेतले. या मंडळींनी सळ्या दुप्पट केल्या, आठाच्या सोळा, आणि राइट यांना न विचारता त्या बसवल्याही गेल्या. राइट संतापले, साइटवरच्या आपल्या शिष्याला परत बोलावलं. जास्तीच्या लोखंडाने उगाच वजन वाढलं, अशी त्यांची तक्रार होती. हिशेब करून बघू. एक इंच चौरस सळीचं वजन मीटरला सुमारे पाच किलो. आठ जादा सळ्या म्हणजे बीमच्या दर मीटरला चाळीस किलो. काँक्रीटचा एक घनमीटर सुमारे 2400 किलोचा असतो. त्यापुढे हे वजन किरकोळ आहे आणि तक्रारीत दम नाही.

1936मध्ये दिवाणखान्याच्या स्लॅबखालचं सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट घट्ट होईपर्यंत दिलेला तात्पुरता आधार, काढलं आणि टोक तिथल्या तिथे पावणेदोन इंच, म्हणजे 44 मिलिमीटर, खाली आलं. कॅन्टिलिव्हरचं टोक थोडं तरी वाकणारच, हे गृहीत धरून सेंटरिंग बांधतानाच पुढचं टोक किंचित वर उचलून ठेवायचं असतं. इथे ती उचल दिलीच नव्हती. वरच्या गच्चीच्या कठड्यांनाही तडे गेले.

याच काळातला एक किस्सा आहे. सल्लागारांच्या सांगण्यावरून पश्चिमेकडच्या गच्चीखाली आधाराला दगडी भिंत वाढवण्यात आली होती. राइट यांनी शिष्याला गुपचूप तिचा सगळ्यात वरचा थर काढून टाकायला लावला. पुढे कॉफमन यांनी ती भिंत आपण बांधून घेतल्याचं कबूल केलं, तेव्हा राइट त्यांना तिथे घेऊन गेले आणि मधली फट दाखवली. गच्ची आधाराशिवाय उभी होती.

प्रसंग झकास आहे, पण त्याने सिद्ध काय झालं? गच्ची काही महिने उभी राहिली, एवढंच. 1937मध्ये जॉन्सन वॅक्स कंपनीच्या इमारतीसाठी राइट यांनी असाच एक प्रयोग जाहीरपणे केला होता. त्यांच्या सडपातळ खांबाला बारा टन पेलायचे होते. त्यांनी त्यावर साठ टन रचून दाखवले आणि शंका घेणाऱ्यांची तोंडं बंद झाली. तो खांब दाबाखाली होता, आणि दाब हे काँक्रीटचं हक्काचं मैदान. कॅन्टिलिव्हरचा निकाल एका दिवसात लागत नाही. घट्ट झालेल्या सिमेंटच्या अतिसूक्ष्म पोकळ्यांमध्ये पाणी अडकलेलं असतं. सतत भार राहिला की हे पाणी सरकतं, सिमेंटचे सूक्ष्म थरही एकमेकांवर किंचित घसरतात, आणि भार तितकाच असूनही बीम वर्षानुवर्षं वाकत राहतो. याला अभियंते क्रीप म्हणतात. बेताच्या भाराखाली तो पहिल्या काही वर्षांत बराचसा ओसरतो. बीमवर पेलवेल त्याहून जास्त भार असेल तर तडे रुंदावतात, तडकलेला बीम आणखी लवचीक होतो, आणि हे चक्र थांबत नाही.

कॉफमन यांनी 1941पासून 1955मध्ये निधन होईपर्यंत गच्च्यांची पातळी सर्व्हेयरकडून वेळोवेळी मोजून घेतली. या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. घराचा खर्च सुरुवातीच्या अंदाजाच्या कित्येक पट होऊन दीड लाख डॉलरच्या वर गेला, तरी त्यांनी वास्तुकाराला सोडलं नाही. आणि त्याच्यावर डोळे झाकून विश्वासही ठेवला नाही. त्यांच्या मुलाने 1963मध्ये घर वेस्टर्न पेनसिल्व्हेनिया कॉन्झर्व्हन्सी या संस्थेच्या स्वाधीन केलं आणि पुढच्या वर्षापासून ते लोकांना पाहायला खुलं झालं.

1990च्या दशकात एका विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी या बीमचं गणित नव्याने मांडलं आणि आकडे जुळेनात. मग संस्थेने न्यूयॉर्कचे अभियंते रॉबर्ट सिल्मन यांना पाचारण केलं. घर न फोडता आतलं लोखंड शोधायचं होतं. त्यासाठी रडार, ध्वनिलहरी आणि चुंबकीय उपकरणं वापरली गेली. मोजमापांत पंधरा फुटांच्या अधांतरी भागाचं टोक सात इंचांपर्यंत खाली आलेलं आढळलं. काँक्रीटच्या बांधकामासाठीचं भारतीय मानक आयएस 456 अशा भागाला सर्वसाधारणपणे लांबीच्या अडीचशेव्या भागाइतकीच झुकण्याची मुभा देतं, म्हणजे इथे 18 मिलिमीटर. सात इंच म्हणजे जवळपास 178. त्याहून वाईट बातमी ही, की साठ वर्षं उलटल्यावरही हालचाल थांबली नव्हती.

कारण सापडलं ते दिवाणखान्याच्या दक्षिणेकडच्या खिडक्यांत. काचांच्या मध्ये इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे पोलादी उभे दांडे आहेत. त्यातले चार दांडे नुसती काच धरत नव्हते, वरची अख्खी गच्ची तोलत होते. वरची गच्ची स्वतःच्या बळावर उभी राहूच शकत नव्हती. तिचा भार या चार दांड्यांतून खाली दिवाणखान्याच्या बीमवर, तोही टोकाजवळ, येत होता. खालचे बीम मात्र फक्त स्वतःच्या मजल्यापुरते आखलेले होते. टोकाजवळचा भार सगळ्यात महाग पडतो, कारण मुळाशी येणारा ताण वजन गुणिले अंतर या हिशेबाने वाढतो. दुप्पट केलेल्या सळ्याही त्यामुळे कमी पडत होत्या. राइट यांच्या नकाशातल्या आठच सळ्या असत्या, तर घर इथवर आलं नसतं, असंच सिल्मन यांच्या हिशेबातून निघालं. ज्या हस्तक्षेपाचा राइट यांनी अपमान मानला, त्यानेच त्यांची ही सर्वात प्रसिद्ध वास्तू तगली.

1997मध्ये ओढ्याच्या पात्रातून तात्पुरते पोलादी टेकू उभारले गेले. कायमची दुरुस्ती 2002मध्ये झाली. दिवाणखान्याच्या फरश्या क्रमांक टाकून एकेक उचलल्या. खाली उलट्या बीमच्या मधल्या जागा मोकळ्याच होत्या. उलट्या रचनेचा हा आणखी एक फायदा, पासष्ट वर्षांनी कामी आलेला. चारपैकी तीन मुख्य बीमच्या कडेला काँक्रीटचे ठोकळे पक्के केले, त्यांतून अति-मजबूत पोलादी तारांच्या केबल ओवल्या आणि जॅक लावून त्या ओढल्या. हेच पोस्ट-टेन्शनिंग. आपल्याकडच्या उड्डाणपुलांच्या गर्डरमध्येही हेच तंत्र असतं. केबल ताणली की ती काँक्रीटला दाबून धरते. भारामुळे वरच्या अंगाला ताण यायला लागला, तरी आधी तिथे साठवलेला दाब संपायला हवा. सळी तडा जाऊ लागल्यावर कामाला लागते, केबल तडा जायच्या आधीपासून काम करत असते.

जॅक चढवल्यावर टोक इंचभरही वर आलं नाही, आणि अभियंत्यांना ते अपेक्षितच होतं. सात इंचांचा झोक पुसायचा प्रयत्न केला असता, तर त्या झोकाशी जुळवून घेतलेले दगड, काचा आणि गिलावा फुटला असता. त्यांना झुकणं थांबवायचं होतं आणि ते थांबलं. फरश्या आपापल्या क्रमांकावर परत बसल्या. आज दिवाणखान्यात फिरताना खाली केबल आहेत याची खूणही दिसत नाही.

2019मध्ये राइट यांच्या आणखी सात वास्तूंसोबत या घराचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. पाण्याशी झगडा मात्र संपलेला नाही. सपाट गच्च्या, दगडात थेट बसवलेली काच आणि बारा महिने धबधब्याचा दमटपणा, यामुळे घर पहिल्या वर्षांपासून गळतं. छपरं आणि खिडक्यांच्या पोलादी चौकटी दुरुस्त करायचं, दगडी भिंतींमधल्या पोकळ्या भरायचं मोठं काम अलीकडच्या वर्षांत पुन्हा हाती घ्यावं लागलंय.