समांतर संगणकांवरील फाइलींचे वाचन-लेखन: वेग कुठे अडला, कसा सुटत गेला

ऑक्टोबर छाटणीनंतर निफाड-दिंडोरीतील द्राक्षबागायतदार ज्या पावसाच्या अंदाजावर फवारणीचा निर्णय घेतात, त्यामागची गणिते पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील महासंगणकावर, म्हणजे अनेक प्रोसेसर एकाच वेळी चालवणाऱ्या समांतर संगणकावर, चालतात. मे २०२५ मध्ये ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ हे प्रारूप कार्यान्वित झाले आणि त्याच्या जाळीतील अंतर १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आले. अंतर निम्मे झाले की आडव्या पातळीवरील बिंदू चौपट होतात, आणि त्या प्रत्येक बिंदूचे तापमान, आर्द्रता, वारा हे सारे ठरावीक टप्प्यांवर फाइलीत उतरवावे लागते. महासंगणकाची बातमी नेहमी गणनवेगाची येते. हे उतरवून होईपर्यंत प्रोसेसर किती वेळ थांबतात, याची सहसा येत नाही.

हे थांबणे कमी करण्याचा पहिला मार्ग डिस्कची संख्या वाढवण्याचा होता. १९८८ मध्ये बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ यांनी ‘रेड’ची कल्पना मांडली: अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडायच्या, फाइलीचे पट्टे त्यांवर विभागून ठेवायचे आणि एखादी डिस्क बिघडली तरी माहिती परत मिळेल अशी तजवीज करायची. त्याच सुमारास इंटेलच्या समांतर यंत्रांवर ‘कॉन्करंट फाइल सिस्टीम’ (फाइल सिस्टीम म्हणजे फाइली डिस्कवर मांडणारी यंत्रणा) आली आणि एकच फाइल अनेक डिस्कवर पसरवणे रूढ होऊ लागले.

तरीही अपेक्षित वेग मिळेना. त्याचे कारण १९९० च्या दशकाच्या मध्यास संशोधक कोट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नासाच्या एम्स केंद्रातील यंत्रावर केलेल्या नोंदींतून स्पष्ट झाले. वाचनाच्या सुमारे ९६ टक्के मागण्या ४,००० बाइटांपेक्षा लहान होत्या, पण त्यांतून वाचली गेलेली माहिती एकूण माहितीच्या जेमतेम २ टक्के होती. वैज्ञानिक प्रोग्रॅम मोठमोठे सलग तुकडे मागत असतील, हा समज त्यामुळे मोडीत निघाला.

असे का होते, हे एका हिशेबावरून दिसेल. प्रत्येक दिशेला १,००० बिंदू असलेली त्रिमितीय जाळी घेतली आणि प्रत्येक बिंदूला ८ बाइट दिले, तर फाइल ८ अब्ज बाइटांची होते. ती ६४ प्रोसेसरांत समान ठोकळ्यांनी वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला २५० × २५० × २५० बिंदू येतात. परंतु फाइलीत ते ओळीने मांडलेले असल्यामुळे सलग असे फक्त २५० बिंदू, म्हणजे २,००० बाइट सापडतात. प्रत्येक प्रोसेसरला ६२,५०० वेळा आणि सर्वांना मिळून ४० लाख वेळा मागणी करावी लागते. दर मागणीस डिस्कचे वाचन-लेखन करणारे डोके हलवण्यात काही मिलिसेकंद जात असतील, तर डिस्क कितीही वाढवल्या तरी वेळ डोके हलवण्यातच जाणार.

१९९३ मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठातील डेल रोझारिओ, बोर्डावेकर (हे आडनाव मराठी वाचकाच्या नजरेतून सुटायचे नाही) आणि आलोक चौधरी यांनी यावर ‘द्विटप्पी’ पद्धत सुचवली. प्रत्येक छोट्या शेतकऱ्याने चार-चार गोणी कांदा घेऊन स्वतंत्रपणे लासलगाव गाठण्याऐवजी गावातच माल एकत्र करून एक ट्रक भरावा, तसाच हा विचार आहे. वरील उदाहरणात प्रत्येक प्रोसेसर आधी १२.५ कोटी बाइटांचा एकच सलग भाग वाचतो आणि मग सारे जण प्रोसेसरांना जोडणाऱ्या जाळ्यावरून (नेटवर्कवरून) आपापसांत देवघेव करून आपला ठोकळा जुळवतात. जाळ्यावरची देवघेव डिस्कच्या हालचालीपेक्षा कितीतरी स्वस्त असल्यामुळे हा वरकरणी द्राविडी प्राणायाम फायद्याचा ठरतो.

मात्र सर्वांना मिळून काय हवे आहे, हे यंत्रणेला आधी कळले पाहिजे. नेहमीच्या युनिक्स पद्धतीच्या वाचन-आज्ञेत ते सांगण्याची सोयच नव्हती. माझ्या मते या इतिहासातील खरे वळण इथे आहे. एमपीआय हे समांतर प्रोग्रॅममधील प्रोसेसनी एकमेकांशी कसे बोलावे याचे मानक; १९९७ च्या एमपीआय-२ या आवृत्तीत फाइलींच्या वाचन-लेखनासाठीच्या ‘एमपीआय-आयओ’चा समावेश झाला आणि सामूहिक मागणी मांडण्याची प्रमाणित भाषा मिळाली. मुंबई विद्यापीठाचे पदवीधर राजीव ठाकूर यांनी अमेरिकेतील आरगॉन प्रयोगशाळेत ग्रॉप आणि लस्क यांच्यासह ‘रोमिओ’ ही तिची अंमलबजावणी घडवली. तिच्यात द्विटप्पी पद्धतीबरोबर ‘डेटा सीव्हिंग’ही होते: विखुरलेले तुकडे वेगवेगळे न मागता मधल्या नको असलेल्या बाइटांसह मोठा पट्टा उचलायचा आणि हवे तेवढे निवडायचे. वाचताना हे सोपे असते. लिहिताना मात्र तो पट्टा आधी वाचून, बदलून परत ठेवावा लागतो आणि तोवर इतरांना कुलूप लावून अडवावे लागते.

आयबीएमची जीपीएफएस १९९८ मध्ये आली, तर लस्टरची पहिली आवृत्ती २००३ मध्ये. समांतर संगणकांसाठीच्या या फाइल सिस्टीमनाही कुलपांचा प्रश्न चुकला नाही. बिघाड झाल्यास काम तिथूनच पुढे नेता यावे म्हणून हजारो प्रोसेस (प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या प्रती) आपली स्थिती एकाच फाइलीत नोंदवू लागल्या की त्यांची कुलपे एकमेकांना अडवत. २००९ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या ‘पीएलएफएस’ या फाइल सिस्टीमने दिसायला एक फाइल ठेवून आत प्रत्येकाची वेगळी फाइल लिहिली आणि तो तंटा टाळला.

आज नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थी लस्टर असलेल्या दूरच्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या संगणकांच्या समूहावर) काम चालवतो, तेव्हा हा सारा वारसा त्याच्या हाताशी असतो. पण कोणी बदल केला नसेल तर तेथे नवी फाइल बहुधा एकाच स्टोरेज लक्ष्यावर (साठवणीच्या एकाच घटकावर) जाते. स्ट्राइपची संख्या, म्हणजे फाइलीचे पट्टे किती लक्ष्यांवर विभागायचे ते, फाइलीत काही लिहिण्यापूर्वी, सहसा निर्देशिकेवर (डिरेक्टरीवर), ठरवावी लागते; नंतर बदलली तर आधीच्या फाइली जागच्या जागी राहतात आणि त्यांच्या नव्याने प्रती काढाव्या लागतात.