आयोडीनवाल्या मिठाचा वाद अन् त्यातलं आपलं नागपूर

दर उन्हाळ्यात लोणचं घालायची वेळ आली की आमच्या घरी खड्या मिठावरून वाद होतोच. आई म्हणते पुडीतल्या आयोडीनवाल्या मिठानं लोणचं बिघडते, बहीण म्हणते आयोडीन नाही मिळालं तर गलगंड होईल, आणि मग कोणीतरी मोबाइल काढून दाखवते की सुप्रीम कोर्टानंच आयोडीनवालं मीठ वाईट म्हटलंय. तर हे कोर्टाचं प्रकरण नागपुरातूनच गेलंय भाऊ, पण त्याआधी थोडं मागे जाऊ.

१८११ मध्ये बर्नार्ड कूर्त्वा या फ्रेंच माणसाला समुद्री शेवाळाच्या राखेतून आयोडीन सापडलं. १८२० मध्ये जिनिव्हाच्या कोइंदे डॉक्टरांनी ते गलगंडावर द्यायला सुरुवात केली, गाठी कमी झाल्या, पण डोस जास्त झाला तसे काही पेशंट धडधड अन् वजन उतरण्यानं हैराण झाले. म्हणजे फायदा अन् धोका दोन्ही पहिल्या दिवसापासूनच सोबत आहेत. पुढे स्वित्झर्लंडनं १९२२ मध्ये आणि अमेरिकेतल्या मिशिगननं १९२४ मध्ये मिठातून आयोडीन द्यायला घेतलं, कारण मीठ गरीब-श्रीमंत सगळेच रोज खातात, अन् तेही ठरावीकच.

आपल्याकडे १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामींच्या टीमनं हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात प्रयोग केला. काही भागात आयोडीनवालं मीठ, काही भागात साधं. जिथं आयोडीन दिलं तिथं गलगंड स्पष्ट कमी झाला, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा समज असा की हा पहाडी लोकांचा आजार, पुढे सर्व्हे होत गेले तशी मैदानी भागातही कमतरता सापडली. १९९८ मध्ये देशभर साध्या खाण्याच्या मिठाच्या विक्रीवर बंदी आली, २००० मध्ये केंद्रानं ती उठवली, २००६ मध्ये परत लावली. लोकांचं डोकं फिरणारच ना!

या परतलेल्या बंदीविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेली नागपूरची अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट, म्हणजे डॉ. शांतीलाल कोठारींची संस्था, लाखोळी डाळीवरच्या बंदीविरुद्ध भांडणारी तीच. ४ जुलै २०११ ला निकाल आला की भेसळविरोधी कायद्याखाली असा नियम करताच येत नाही, कारण साधं मीठ म्हणजे भेसळ नव्हे. पण कोर्टानं नियम लगेच काढला नाही, सरकारला सहा महिने दिले, आणि नंतर अन्नसुरक्षेच्या नव्या नियमांत ती अट राहिलीच. आयोडीन घातक आहे असं त्या निकालात कुठंच नाही, भांडण सक्तीच्या कायद्याचं होतं, फॉरवर्ड करणाऱ्यांनी निकाल वाचलाच नाही असं मला वाटते.

आता हिशोब बघा. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरते, गरोदर बाईला २५०. दुकानातल्या मिठात किमान १५ पीपीएम पाहिजे, म्हणजे ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम. पाच ग्रॅम मीठ खाल्लं तर ७५, बाकी दूध, अंडी, मासळीतून. त्यात ते मीठ गॅसजवळ उघड्या बरणीत ठेवलं की अजून कमी. एवढ्यानं निरोगी माणसाला जास्तीचा धोका नाही, पण ज्यांना थायरॉइडच्या गाठी आहेत किंवा हाशिमोटो (शरीर स्वतःच्याच थायरॉइडवर हल्ला करते तो आजार) आहे त्यांनी समुद्री शेवाळाच्या गोळ्या-पावडरी डॉक्टरला विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नये. अन् हेल्दी म्हणून वर्षभर नुसतं शेंदेलोणच खाणाऱ्यांनी पुडीवर आयोडीन लिहिलंय का ते बघावं, बहुतेक वेळा नसते. उपासापुरतं ठीक. आईच्या लोणच्यात खडे मीठ, रोजच्या वरणात पुडीचं, असं आमच्याकडे यंदा ठरलंय.